जुने कपडे विकून गिधाडांसाठी पैसे उभे करायचेत? मग सुरुवात कपड्यांपासून करू नका

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, जुने कपडे द्या, विकून येतील ते पैसे वन्यजीवांसाठी देऊ. लोक मनापासून देतात. दोन दिवसांत क्लबहाऊसमध्ये पोती जमतात आणि मग प्रश्न सुरू होतात, पैसे नक्की कुणाला द्यायचे, पावती कोण देणार, क्यूआर कोड कुणाचा लावायचा, उरलेल्या ढिगाचं काय करायचं. इथपर्यंत येऊन बारगळलेले उपक्रम मी बरेच बघितलेत, आणि दरवेळी अडचण एकच असते, क्रम उलटा असतो. आधी संस्था, मग कागद, मग जागा आणि तारीख, आणि कपडे त्याच्यानंतर. खाली सगळं याच क्रमाने लिहिलंय, मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १: प्राणी, काम आणि संस्था नक्की करा

"वन्यजीवांसाठी" हे फार मोघम झालं. एका सोसायटीच्या विक्रीतून जे पैसे येतात ते काही हजारांत असतात, त्यामुळे एवढ्या पैशात खरोखर फरक पडेल असं काम निवडायला हवं.

माळढोकचं उदाहरण घ्या. हा पक्षी नामशेष व्हायच्या अगदी काठावर आहे, सोलापूरजवळ नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, सगळ्यांना त्याच्याबद्दल कळकळ वाटते. पण त्याच्यावरचं एक मोठं संकट म्हणजे माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारा, त्यांना धडकून हे पक्षी मरतात. तारा जमिनीखाली घेणं हे सरकार आणि वीज कंपन्यांच्या पातळीवरचं काम आहे, आपल्या साड्या विकून ते होणार नाही.

गिधाडांचं तसं नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने मेली, पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या तर ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण निघालं डायक्लोफिनॅक, म्हणजे गाईम्हशींना दुखण्यावर टोचायचं औषध. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद झालं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यापर्यंत पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीपेक्षा मोठ्या बाटलीवर बंदी आली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक ही दोन औषधंसुद्धा जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे. आता हे गावोगावच्या पशुवैद्यकांना, मेडिकलवाल्यांना, गोशाळांना जाऊन सांगायचं, घरट्यांच्या कड्यांवर लक्ष ठेवायचं, यासाठी लागतं काय तर पेट्रोल, छापील पत्रकं, दुर्बिणी आणि स्थानिक पोरांचं मानधन. इथे वीसपंचवीस हजारसुद्धा उपयोगी पडतात. खवल्या मांजराचंही असंच, गावात जाऊन बोलणं आणि ट्रॅप कॅमेरे, म्हणजे जंगलात लावलेले आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, ही त्यातली मुख्य कामं.

प्राणी ठरला की त्याच्यावर काम करणारी संस्था शोधा आणि फोनवर न थांबता प्रत्यक्ष भेटा. विचारायचं ते असं:

१. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट दाखवाल का?
२. आमचे पैसे कुठल्या तालुक्यात, कुठल्या कामावर जातील?
३. वन्यप्राणी हाताळावे लागत असतील तर वन विभागाची परवानगी आहे का?
४. सहा महिन्यांनी काय झालं ते लेखी कळवाल का?

इशारा: पिल्लं घरी आणून वाढवतो, साप पकडून शाळांमध्ये दाखवतो, असले फोटो दाखवणाऱ्यांपासून लांब राहा. परवानगीशिवाय संरक्षित वन्यप्राणी पकडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

टप्पा २: कागद आणि पैशांची वाट

नोंदणी नसलेला चार जणांचा ग्रुप धर्मादाय कामाच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा करत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क लागू होऊ शकतं, गणपती मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात ती याचसाठी. यातून सोपी वाट म्हणजे विक्री संस्थेच्याच नावाने करा, तुम्ही स्वयंसेवक. त्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या, त्यात तारीख, जागा, आमचं नाव आणि लोगो वापरायला परवानगी आहे, सगळी रक्कम आमच्या खात्यात जमा होईल, एवढं स्पष्ट असू दे. विक्रीचे पैसे हिशोबात कसे दाखवायचे ते त्यांच्या सीएला आधीच विचारायला सांगा.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच. सोसायटीच्या सेक्रेटरींचा नाही, ट्रेझररच्या मुलाचा नाही, "नंतर ट्रान्स्फर करू" वगैरे अजिबात नाही. याबाबतीत मी फार कडक आहे, कारण भांडणं इथेच होतात आणि चांगली माणसं उगाच बदनाम होतात. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या, कोड संस्थेचा असला की काउंटरवर पैसे आले की नाही ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून संस्थेचा एक माणूस त्यांचा फोन किंवा साउंडबॉक्स घेऊन दिवसभर बसला पाहिजे. समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

दोन गैरसमज आधीच मिटवा. कपडा विकत घेणाऱ्याला देणगीवरची प्राप्तिकर सवलत (८०जी) मिळत नाही, ती खरेदी झाली, आणि कपडे देणाऱ्यालाही मिळत नाही कारण ती सवलत वस्तूंच्या दानावर नसते. ज्याला वेगळी देणगी द्यायची असेल त्याने पॅन देऊन थेट संस्थेच्या खात्यात भरावी, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही हे त्याला सांगा.

आणखी एक म्हणजे अमेरिकेतली मंडळी. इथे घरटी एक जण तिकडे असतो आणि ग्रुपवर मेसेज वाचून म्हणतो मी शंभर डॉलर पाठवतो. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून तो देऊ शकतो. नागरिकत्व बदललं असेल तर तो कायद्याने परदेशी स्रोत धरला जातो, ओसीआय कार्ड असलं तरी, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला तो पैसा घेता येत नाही. त्याच्या आईच्या खात्यातून फिरवून देणं हासुद्धा पर्याय नाही.

तपासा: पत्र हातात आहे, क्यूआरवर संस्थेचंच नाव दिसतंय, एक रुपया पाठवून बघितलाय. हे तिन्ही झाल्याशिवाय कपड्यांचा क सुद्धा काढू नका.

टप्पा ३: जागा आणि तारीख

सोसायटीचा हॉल किंवा क्लबहाऊस उत्तम. मॅनेजिंग कमिटीला लेखी अर्ज द्या, बाहेरची माणसं येणार आहेत हे त्यात लिहा, नाहीतर ऐन वेळी वॉचमन गेटवर लोकांना अडवतो. फुटपाथवर टेबल टाकायचं मनात आणू नका, त्याला महापालिकेची परवानगी लागते, आणि चौकातल्या फ्लेक्ससाठी तिच्या आकाशचिन्ह, म्हणजे जाहिरात फलकांच्या विभागाची. गेटच्या आत एक कापडी बॅनर बास होतो.

वन्यजीव सप्ताह ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो म्हणून बरेच जण तेव्हाच विक्री ठेवतात. मला ते पटत नाही, परतीचा पाऊस डोक्यावर असतो, कपडे दमट राहतात आणि लोकांची कपाटं अजून उघडलेली नसतात. सप्ताहात घोषणा करा, दिवाळीच्या साफसफाईत कपडे घ्या आणि दिवाळीनंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी विक्री ठेवा. हवा कोरडी असते, थंडी सुरू झालेली असते, स्वेटर आणि शाली पटापट जातात.

टप्पा ४: कपडे मागवणं

मेसेजमध्ये काय हवं यापेक्षा काय नको ते ठळक लिहा. असा मेसेज चालतो:

"येत्या शनिवारी आणि रविवारी, सकाळी १० ते १, क्लबहाऊसमध्ये कपडे स्वीकारू. धुतलेले, इस्त्री केलेले, न फाटलेले, स्वतःच्या भावाला किंवा बहिणीला देताना संकोच वाटणार नाही असेच द्यावेत. आतले कपडे, मोजे, चादरी, उशा नकोत. एका घरातून जास्तीत जास्त १५ नग. खिसे तपासून द्या. वेळेबाहेर दारात पिशव्या ठेवू नयेत."

नगांची मर्यादा घातली की लोक आपोआप निवडून देतात. आणि खराब कपडा तिथल्या तिथे नम्रपणे परत करा, काका हा चालणार नाही, असं सांगायला तोंड उघडणारी एक व्यक्ती टेबलावर हवीच.

टप्पा ५: छाननी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, निदान तीन संध्याकाळी. तीन माणसं लागतात, एकाने खिसे बघायचे, एकाने कपडा उजेडात धरायचा, एकाने वहीत लिहायचं.

खिसे आधी. नोटा, पेन ड्राइव्ह, कानातलं, एखाद्याचं आधार कार्ड, काहीही निघतं. साडीच्या निरीला किंवा पदराला अडकलेली पिनसुद्धा बघा.

मग साड्या. सुती साडी सोपी असते, डाग आणि विरलेपण लगेच दिसतं. सिल्कची मात्र पूर्ण उलगडायची, दोघांनी टोकं धरून ट्यूबलाइटसमोर ताणायची नाही, नुसती धरायची. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेलं रेशीम घडीवरच चिरतं, वरून साडी नवीकोरी दिसते आणि घडीच्या रेषेवर बारीक फटींची रांग दिसते, त्यातून उजेड येतो. ती साडी नेसताना निऱ्या घालायच्या आधी फाटेल. ती विकू नका, काठ आणि पदर चांगले असतील तर ते वेगळे काढून ठेवा, ब्लाउज आणि पिशव्या शिवणाऱ्या बायका ते आनंदाने घेतात.

जुनी पैठणी किंवा शालू आला की थांबा. जुन्या साड्यांत खरी जर असू शकते, म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा, आणि ही जरीची तार वजनावर विकत घेणारे व्यापारी पेठांमध्ये आहेत. अशी साडी २०० रुपयांच्या ढिगात टाकली तर देणाऱ्याचंही नुकसान आणि गिधाडांचंही. आधी दाखवून आणा, देणाऱ्यालाही कळवा, कदाचित त्यांना ती परत हवी असेल आणि तो त्यांचा हक्क आहे.

सुती नऊवारी आणि जुन्या मऊ सुती साड्या वेगळ्या गठ्ठ्यात. नेसायला कुणी घेणार नाही पण गोधडी शिवणाऱ्या घेतात, चारपाचचा गठ्ठा एका किमतीला लावा.

डांबरगोळ्यांचा वास लागलेले कपडे दोन दिवस वाऱ्यावर टाका. सुती उन्हात, रेशीम सावलीत. अत्तर मारून वास झाकायला जाऊ नका, दोन्ही वास एकत्र येतात आणि गिऱ्हाईक लांबूनच परत जातं.

इशारा, आणि हा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या कपाटांतून वन्यप्राण्यांपासून बनवलेल्या वस्तू निघतात. सापाच्या कातड्याची पर्स, अजगराच्या कातड्याचा पट्टा, कोटाला लावलेली फरची कॉलर, हस्तिदंती बटणं, कपड्यांबरोबर चुकून आलेलं वाघनखाचं लॉकेट, आणि शाहतूशची शाल. शाहतूश म्हणजे तिबेटच्या पठारावरच्या चिरू नावाच्या हरणासारख्या प्राण्याची लोकर, ती मिळवायला प्राणी मारावा लागतो आणि तिचा व्यापार पूर्ण बंद आहे. पश्मिना वेगळी, ती पाळीव बकरीची, चालते. अंगठीतून शाल गेली म्हणजे शाहतूशच असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात पण बारीक पश्मिनाही अंगठीतून जाते, खरी ओळख प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून अंदाज बांधत बसू नका. शंका आली की वस्तू विक्रीतून बाजूला काढायची, ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, कुणाला भेटही द्यायची नाही, देणाऱ्याला शांतपणे सांगायचं आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर विचारायचं. धोक्यातल्या प्राण्यांसाठी भरवलेल्या विक्रीत धोक्यातल्याच प्राण्याचं कातडं विकलं गेलं तर संस्थेचंही नाव जाईल आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो तो वेगळाच.

टप्पा ६: किमती

चारच टप्पे ठेवा, ५०, १००, २०० आणि ५००, आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा स्टिकर. रेशमावर स्टिकर चिकटवू नका, डाग पडतो, कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. लहान मुलांचे कपडे ५०, कुर्ते, शर्ट, सुती साड्या १००, जीन्स, स्वेटर, ड्रेस २००, सिल्क आणि ब्लेझर ५००, आणि खरोखर भारी साड्यांची किंमत प्रत्येकीची वेगळी. जवळच्या शाळांचे युनिफॉर्म आले तर शाळेप्रमाणे रचून ठेवा, पालक ते शोधत येतात.

चूक होते ती दोन टोकांना. एक तर "चांगल्या कामासाठी आहे" म्हणून जुन्या कुर्त्याला ४०० लावतात, आणि बुधवार-रविवारी जुना बाजार भरतो त्या शहरात लोकांना जुन्या कपड्याचा भाव बरोबर माहीत असतो, ते हात लावून निघून जातात. नाहीतर सगळं १० रुपयांना, मग एक माणूस पोतं भरून नेतो आणि हातात काहीच येत नाही.

अजून एक, आणि हे मला फार खटकतं. काही ठिकाणी "मावशींसाठी" म्हणून खराब कपड्यांचा वेगळा ढीग लावतात. असं करू नका. घरकाम करणाऱ्या मावशी, वॉचमन, ड्रायव्हर हे बाकीच्यांसारखेच गिऱ्हाईक आहेत, त्यांना त्याच दोरीवरचा, त्याच किमतीचा चांगला कपडा निवडून घेता आला पाहिजे. मेसेज त्यांच्यापर्यंतही पोचवा आणि त्यांच्या सुट्टीची वेळ विचारून विक्रीची वेळ ठरवा.

टप्पा ७: विक्रीचा दिवस

मांडणी आदल्या रात्री. मंडपवाल्याकडून टेबलं आणि लोखंडी स्टँड आणा, साड्या दोरीवर पदर पुढे करून टाका, बाकी मापाप्रमाणे. उंच आरसा आणि दोन चादरी लावून केलेली ट्रायल रूम हवीच, यांच्याशिवाय ड्रेस आणि जीन्स विकले जात नाहीत.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, म्हणून येताना पिशवी आणा हे मेसेजमध्येच लिहा. विसरलेल्यांसाठी जुन्या बेडशीटच्या पिशव्या शिवून १० रुपयांना ठेवा.

काउंटर एकच. एक जण नग मोजतो, दुसरा वहीत लिहितो, तिसरा पैसे घेतो. वहीत चार रकाने, नग, रक्कम, रोख की यूपीआय, आणि यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. सुट्टे पैसे आदल्या दिवशी बँकेतून आणा.

गिधाडांची माहिती देणारा एकच बोर्ड काउंटरशेजारी लावा जिथे लोक रांगेत उभे राहतात. औषधांची नावं मोठ्या अक्षरात लिहा, कारण आलेल्यांपैकी कुणाचं तरी गावाकडे शेत असतं, गोठा असतो, आणि मेलॉक्सिकॅम हे नाव फोटो काढून गावी पाठवलं गेलं तर ते त्या दिवसाच्या गल्ल्याइतकंच मोलाचं आहे. फोटो आपल्याकडच्या गिधाडाचा घ्या. इंटरनेटवरून उचललेला आफ्रिकेतल्या गिधाडाचा फोटो बोर्डवर हमखास येतो, म्हणून संस्थेकडूनच मागवा.

तपासा: दुपारी एकदा आणि शेवटी एकदा रोख मोजायची, दोघांनी, आणि दोघांनी वहीत सही करायची. रोख रात्री कुणाच्या घरी राहणार ते आधी ठरवा, सोमवारी ती संस्थेच्या खात्यात भरा आणि स्लिप जपून ठेवा.

टप्पा ८: हिशोब आणि उरलेले कपडे

खर्च विक्रीतून कापू नका. टेबलं, बॅनर, चहा यांचे पैसे आधीच पाच-सहा जणांनी मिळून उचला, म्हणजे एकूण विक्री आणि संस्थेला गेलेली रक्कम हे दोन आकडे सारखे येतात आणि कुणाला काही विचारावं लागत नाही. आठवड्याच्या आत ग्रुपवर तीन गोष्टी टाका, वहीतली बेरीज, बँकेची स्लिप, संस्थेची पोचपावती. खाते क्रमांक आणि लोकांची नावं झाकून.

उरलेले कपडे त्याच संध्याकाळी वर्गवारी करून बांधा, हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेले कपडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतात. घालण्यासारखे असतील ते गूंजसारख्या, जुने कपडे गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेला द्या, आधी फोन करून ते सध्या काय घेतात ते विचारा. बाकीच्यांसाठी "स्वच्छ" या कचरावेचकांच्या संस्थेच्या व्ही-कलेक्ट या जुन्या वस्तू गोळा करायच्या मोहिमेची तारीख बघा. भांडी देऊन कपडे नेणारी बोहारीण तुमच्या भागात अजून येत असेल तर तिला बोलवा, तिला कुठला कपडा कुठे जातो ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, फक्त भांड्याऐवजी रोख मागा आणि ती रक्कमही वहीत लिहा.

सहा महिन्यांनी संस्थेला फोन करा. पहिल्या भेटीत कबूल केलेलं लेखी उत्तर मागा, कुठल्या गावांत गेलात, किती मेडिकलवाल्यांशी बोललात, घरट्यांवर काय दिसलं. उत्तर आलं की जसंच्या तसं ग्रुपवर टाका. आलं नाही तर पुन्हा विचारा, आणि तरीही आलं नाही तर पुढच्या दिवाळीला टप्पा १ पासून दुसरी संस्था शोधा.